वरतं म्हणजे कुठी

तिलक म्हणजे माहा नवरा. आमच्याकडं बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मीही घेत नव्हती. आता घेते. कायले लाजू?

तर तिलकले डबे लपवाचा नाद होता. दारूचा असता तर लोकाईले समजला तरी असता. हा नाद असा का कोणाले सांगतला तर त्याले वाटे, ही बाईच काहीबाही बोलून राहिली. दुनियाभर चालते म्हणे हा खेळ. कोणी तरी कुठी तरी एक डबा लपवते, त्या जाग्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकते, अना दुसरे लोक मोबाइलच्या जीपीएसवर पाहत पाहत तो डबा शोधाले येतेत. सापडला का आतल्या चिठ्ठीवर सही कराची, डबा होता तिथीच ठेवाचा अना घरी जाचं. जिओकॅशिंग म्हणतेत त्याले. हंडा नाही, मोहरा नाही, काहीच नाही.

साधा डबा लपवणं तिलकले कमीपणाचं वाटे. त्याचे डबे टप्प्याटप्प्याचे. पहिल्या डब्यात कोडं, ते सुटलं तर दुसऱ्या डब्याचा पत्ता, दुसऱ्यात आणखी अवघड कोडं, असं करत करत शेवटचा डबा. सडक अर्जुनीच्या हायवेवरच्या ढाब्यापासून सुरू झालेलं कोडं माणसाले पार नागझिऱ्याच्या फाटकापर्यंत फिरवे. अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात असले डबे लावणारा हा एकटाच. नागपूर-रायपूरकडून कधीमधी चार पोरं येत, दिवसभर उन्हात फिरत अना हात हलवत वापस जात. मंग इंटरनेटवर लिहीत, 'नाही सापडला.' हे 'नाही सापडला' तिलक रात्री जेवताना मोठ्यानं वाचून दाखवे. त्याच्या डोळ्यांत हसून हसून पाणी येई. भाजीले मीठ कमी हाय का जास्त, हे त्याले त्या दिवशी समजत नसे.

तो गोंदियात एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवे. घर मुर्रीले, नवीन प्लॉटवर. घरात आम्ही तिघं, तो, मी अना माहे सासरे नत्थूलाल. त्याईले मी मामाजी म्हणे. सासूबाई माह्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या.

सुरुवातीले मले हा नाद आवडे, खोटं कायले बोलू. लग्न झालं त्या साली नवेगावच्या बांधावर त्यानं माह्यासाठी एक डबा लपवला होता. सोपी सोपी कोडी. एक माह्या बारावीच्या मार्कांचं, एक माह्या मायच्या नावातल्या अक्षरांचं. मी शोधून राहिली अना हा झाडामागून पाहून राहिला, लेकरासारखा खूश. डब्यात हिरव्या बांगड्या होत्या. त्या बांगड्यांच्या भरोशावर मी पुढची कितीक वर्षं काढली.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली. बाइक कुठी लावली, हे तो विसरला. मी म्हणली, त्या मोहाच्या वरतं हाय. त्यानं मान उचलून झाडाच्या शेंड्याकडं पाहिलं. मले हसू आलं. मंग मी त्याले नीट समजावून सांगतलं का माह्या माहेरी, केशोरीकडं, वरतं म्हणजे आभाळाकडं नाही. जिकडून पाणी येते ते वरतं, जिकडं पाणी जाते ते खालतं. तलाव वरतं, धानाच्या बांध्या खालतं. सूर्य कुठीही उगवो. आमचं लहान लेकरूही असंच बोलते.

तो म्हणला, "अरे यार, उत्तर-दक्षिण बोल ना. सगळी दुनिया बोलते."

त्या दिवसापासून जो भेटे त्याले हा सांगे, आमच्या मॅडमचा कंपास पाण्यावर चालते. नागपूरचे दोस्त जेवाले आले का ताटावर हाच किस्सा. मी वाढून राहिली अना ते हसून राहिले. मीही हसे. नवीन बाई हसतेच.

कोडं कसं बनवाचं, हे मले त्यानंच शिकवलं. म्हणजे शिकवाचं म्हणून नाही. डबा लावाच्या आधी तो प्रत्येक कोडं माह्यावर तपासून पाहे, अना माही फजिती झाली का मंग सांगे, पाहा, इथी मी काय केलं. पहिले टप्पे सोपे ठेवाचे, म्हणजे माणूस आत येते अना मंग मागं फिरत नाही. उत्तर शोधणाऱ्याजवळ आधीपासूनच असलं पाहिजे, नाही तर ते कोडं नाही, बेइमानी हाय. अना हरला तर त्याले वाटलं पाहिजे का चूक आपलीच हाय. हुशार माणूस होता, हे मी नाही म्हणत नाही.

हळूहळू डबे घरात आले. एक दिवस स्कूटीची चाबी नाही. तिच्या जागी चिठ्ठी. कोडं सोडवलं तर तांदळाच्या कोठीत दुसरी चिठ्ठी. मंग माह्या चुलत बहिणीच्या लग्नाच्या सकाळी माहा ब्लाउज नाही. मंग गॅसचा लायटर, चष्मा, माहेरचा फोटो. मी रडली तर तो म्हणे, एवढी शिकली-सवरली बाई अना खेळात रडते. मी विचारलं, बरं, कुठी ठेवलं ते सांगा तरी, का तो एकच वाक्य म्हणे, "हिंट मागणं म्हणजे हार."

अना मामाजी. चहाची कपबशी घेऊन अंगणात बसत अना मी जिकडं जाईन तिकडं पाहून बोलत, "थंडा… थंडा… जरासा गरम… फेर थंडा." त्याईले मालूम नसे कुठी लपवलं ते. उगंच बोलत. म्हातारपणी कायतरी करमणूक पाहिजे माणसाले.

माहेरी मी यातलं काही बोलली नाही. काय सांगू? मारत नाही, पीत नाही, शिवी देत नाही, फक्त लायटर लपवते? माही माय राजकुमारी म्हणली असती, मंग काडीपेटी घे बाई.

माय मोठी साधी होती. त्या साली दिवाळीच्या आधीपासून ती खाटेवर होती, छाती भरून येई. केशोरीले माहा मोठा भाऊ योगराज अना वहिनी तिच्याजवळ होते. भाऊबीज झाली का मंग आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, पाव्हणे येतेत, रात्री दंडारीचं नाटक राहते. केशोरीच्या मंडईले मी जाणार होती. मायनं फोनवर सांगतलं होतं का येताना गोंदियाची चिवड्याची पुडी आण, अना जरा लवकर ये, तुह्याशी बोलाचं हाय. काय बोलाचं हाय ते सांगतलं नाही. म्हणे, तू आल्यावर.

जाच्या आदल्या दिवशी सकाळी उठली, तर माहा फोन नाही.

बटनांचा साधा फोन होता. त्याच्या जागी चिठ्ठी, अना चिठ्ठीवर तिलकचा जुना मोठा मोबाइल, जीपीएस पाहाले. त्याच्यात सिम नव्हतं. रस्ता दिसे, कोणाशी बोलता येत नसे. तिलक म्हणला का हे आजपर्यंतचं सगळ्यात जबरदस्त कोडं हाय, पाच टप्पे, दिवाळीची सुट्टी संपाच्या आत इंटरनेटवर टाकाचं हाय, आज तपासून पाहिजे. मी हात जोडले. म्हणली, आज नको, मायची तब्येत बरी नाही, भाऊचा फोन येईल.

"तर मंग लवकर सोडव," तो म्हणला.

मी स्कूटी काढली. पहिला डबा मुर्रीच्या बसथांब्याच्या बाकाखाली, दुसरा गोंदियाच्या रेल्वे पुलाच्या कठड्याले चिकटवलेला. दोन्ही सोपे. म्हणजे मले समजलंच होतं का पुढं काय हाय. तिसऱ्यासाठी स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, त्या आकड्यांची उलटसुलट करून जागा काढाची होती. मी प्लॅटफॉर्मवर पाटीखाली बसून आकडे मांडून राहिली. हमाल पाहून राहिले. एका बाईनं विचारलं, बेटी, गाडी छूट गई क्या. मी म्हणली, नहीं माँजी, छूटनेवाली है. मलेच मालूम नाही मी असं काऊन बोलली.

कोणाचा तरी फोन मागून भाऊले लावावं, असं मनात आलं. पण भाऊचा नंबर माह्या फोनात होता, माह्या डोक्यात नव्हता. आजकाल नंबर पाठ कोणाले असतेत.

दुपारी चौथ्या टप्प्यावर मी अडकली. डोकं चाले ना, पोटात अन्न नव्हतं. घरी वापस आली. तिलक मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसला होता, बाजूले मामाजी. मी त्याच्या पायाजवळ बसली. खरंच बसली, शब्दासाठी म्हणत नाही. म्हणली, तुमच्या फोनवरून भाऊले एक फोन लावू द्या, मंग मी संध्याकाळपर्यंत तुमचं कोडं सोडवते, रात्रभर सोडवते.

तो घड्याळाकडं पाहून म्हणला, "हिंट मागणं म्हणजे हार."

मामाजी म्हणले, "थंडा."

मी उठली अना गेली. उठून गेली, हेच मले आजही खाते. त्याचा फोन हातातून ओढून घेता आला असता.

चौथा डबा सापडला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यातल्या चिठ्ठीनं मले जिथी नेलं ते आमचंच घर होतं. मागचं अंगण. कपडे धुवाचा दगड. दगडाखाली प्लास्टिकचा डबा, डब्यात माहा फोन. तिलकच्या खुर्चीपासून तो दगड हात लांब केला तर लागला असता. फोनचा आवाज बंद केलेला होता, पण डब्यात घुरघुर तर करतच असेल. दिवसभर तो त्या घुरघुरीजवळ बसून चहा पिऊन राहिला होता.

स्क्रीनवर भाऊचे फोनच फोन. मी लावला. भाऊनं उचलला. मागून बायांचं रडणं ऐकू आलं. मले समजलं.

तिलकनं मोबाइलवरचं घड्याळ थांबवलं अना म्हणला, "रेकॉर्ड हाय सोनिका. कोणी एवढ्या लवकर नाही सोडवणार."

मी सांगतलं, माय गेली. त्याचा चेहरा उतरला, हे खरं हाय. म्हणला, अरे, मले काय मालूम एवढं होईल. बाइकवर बसवून त्यानंच मले केशोरीले नेलं. लोकाईनं माह्यासाठी मायले ठेवलं होतं. मी तिच्या हाताले हात लावला, मंग नेलं.

वहिनीनं मले सांगतलं का शेवटच्या दिवशी मायनं भाऊले सोनिकाले फोन लाव, फोन लाव असं लावून धरलं होतं. भाऊ फोन लावून तिच्या कानाशी धरे. माह्या फोनले तिलकनंच एक कॉलर ट्यून लावून देल्ली होती, बासरीची. माय ती बासरी ऐके, बंद झाली का पुन्हा लाव म्हणे. दुपारभर ती बासरीच ऐकत राहिली.

हे ऐकूनही मी तिलकले माफ करत आली होती, सांगते. त्याले मालूम नव्हतं, असं धरून चालली होती. मंग तेरवी झाली. पंगती उठल्यावर भाऊ माह्याजवळ येऊन बसला अना विचारलं, "त्या दिवशी रस्त्यात गाडी बिघडली होती का तुमची? दुपारी मी जवाईले फोन केला होता. माय जाऊन राहिली म्हणून सांगतलं. ते म्हणले, निघालीच हाय, पोचतच असेल."

दुपारी. म्हणजे मी पायाजवळ बसली त्याच्या आधी.

भाऊले मी सगळं सांगतलं. ओसरीवर बायामाणसं होती, त्याईनंही ऐकलं. केशोरीत अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत शेवटच्या घरी पोचते. भाऊ काठी शोधाले उठला. मी त्याचा हात धरला. म्हणली, काठीनं त्याले काहीच समजणार नाही.

मी मुर्रीले गेली नाही. धानाची कापणी झाली, वावरांत पेंढ्या रचून पुंजणे उभे राहिले, तेव्हा तिलक मले न्याले आला. ओसरीवर बसून म्हणला, चल आता, पप्पाच्या जेवणाचे हाल होऊन राहिले. दुपारच्या फोनाचं भाऊनं तोंडावर विचारलं, तर म्हणला, एकदोनच टप्पे राहिले होते, मले वाटलं होऊन जाईल. असं म्हणला. चार लोकाईसमोर.

माहं म्हणाल तर मी तेव्हाही पक्की नव्हती. भावाच्या घरची भाकर बहिणीले चार दिवस गोड. वहिनी काही बोलत नव्हती, पण तिचं भांडं जरा जोरात वाजाले लागलं होतं. अना त्या हिरव्या बांगड्या माह्या पेटीत होत्याच. मले त्याच्याकडून माफी नको होती. मले एवढंच पाहिजे होतं का या माणसानं एकदा तरी मले काही विचारावं. मले येते अना त्याले येत नाही, असं काही तरी. मी मनात मायच्या नावानं बोलली का यानं एकदा विचारलं तर मी उठून याच्या मागं जाईन, बाकी सगळं पोटात घालीन. नाही विचारलं तर नाही.

त्याले म्हणली, "येते. पण आधी माहा डबा शोधा."

त्याचे डोळे चमकले. इतका वेळ तोंड पाडून बसलेला माणूस सरळ होऊन बसला. कोडं कोणाचं, म्हणला. मी म्हणली, माहं. टप्पे किती? तुमच्याएवढेच. नियम? तुमचेच. शोध सुरू असताना लपवणाऱ्याशी बोलाचं नाही, फोन कराचा नाही, हिंट नाही. तो हसला. म्हणला, अर्ध्या दिवसाचं काम हाय, पिशवी भरून ठेव.

सगळं मी त्याच्याच पद्धतीनं केलं. पहिले टप्पे सोपे. शाळेच्या हँडपंपावरचा नंबर, मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावर लिहिलेलं देणगीदाराचं नाव, असलं. शेवटचा डबा मी आमच्या बांध्यांच्या वर जो तलाव हाय, त्याच्या पाळीतल्या, म्हणजे काठाच्या बांधातल्या, दगडात ठेवला. डब्यात ठेवला माहा तोच फोन, आवाज पूर्ण चालू करून. चार्ज केला का तो आठवडाभर चाले. त्यानं नियम मोडून एकदा जरी फोन लावला असता, तर डब्यानंच त्याले हाक मारली असती. यापेक्षा ईमानदार कोडं दुसरं कोणतं?

शेवटची चिठ्ठी अशी होती. 'मोहाच्या झाडाले पाठ लावून उभं राहा. तिथून सरळ वरतं. पहिल्या मोठ्या दगडात.'

उत्तर त्याच्याजवळ आधीपासून होतं. नवेगावच्या बांधावर मी माह्या तोंडानं देल्लं होतं.

अर्जुनी मोरगावले त्याच्या मावशीचं घर, तिथून तो बाइकनं आला. चार टप्पे त्यानं भराभर उडवले अना दुपारच्या आत मोहाजवळ चिठ्ठी घेऊन उभा राहिला. मी पाळीवर बसली होती, डब्याच्या दगडाजवळच. त्यानं चिठ्ठी वाचली, मान उचलली अना झाडाच्या शेंड्याकडं पाहिलं. मंग बूट काढून वर चढला. धान नेणाऱ्या बाया थांबल्या. जीन्सची पॅन्ट घालून कॉलेजचे सर मोहावर चढले, हे केशोरीनं पहिल्यांदाच पाहिलं. वर काही नव्हतं. खाली उतरताना हात खरचटला.

मंग त्यानं मोबाइल काढला. नकाशात वर म्हणजे उत्तर. आमच्याकडं तलाव दक्षिणेले हाय, पाणी उत्तरेले उतरते. तो चालू लागला उत्तरेले, म्हणजे सरळ खालतं, बांध्यांमधी. तिकडंही एका धुऱ्यावर हद्दीचा मोठा दगड हाय. तो मले मालूम होता, म्हणूनच मी 'दगड' लिहिलं होतं. त्याच्याभवती त्यानं माती उकरली. दगड हलवला. पलीकडच्या बांधीत गेला, तिथल्या दगडाभवती उकरलं. ओल होती, गुडघ्यापर्यंत चिखल लागला.

दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन आला. तिसऱ्या दिवशी एक लांब टेप. कॉलेजातून फोन येत, तो उचलत नसे. चिठ्ठी घडी मोडून मोडून फाटाले आली. तो पुटपुटे, वरतं, वरतं, अना अक्षरांचे आकडे करून बेरीज करे. व म्हणजे एवढा, र म्हणजे एवढा. भाऊ पाळीवर माह्याजवळ येऊन बसे अना तोंडाले दुपट्टा लावून हसे. लोक कामं सोडून येत. पुंजण्यावर चढलेल्या पोराईले मी मामाजींचा खेळ शिकवला होता. तिलक जिकडं जाई तिकडं पाहून पोरं ओरडत, "थंडा… थंडा… आणखी थंडा." त्यातल्या कोणत्याही पोराले त्यानं विचारलं असतं, बेटा, वरतं कुठी, तर पोरानं बोट दाखवलं असतं. पण केशोरीच्या पोराले विचारल तो तिलक कसला.

हसून हसून माहं पोट दुखे, अना मंग घरी जाऊन मी जेवत नसे. रोज वाटे, आज विचारल. दुपारी तो सावलीले मोहाखाली बसे, बिस्किटाचा पुडा खाई, माह्याकडं पाहे. मी मनात म्हणे, विचार ना रे माणसा. एक शब्द हाय. विचार.

मंग तो दिवस आला. बांध्यांत थ्रेशर सुरू झाली होती, भुसा उडून राहिला होता. तिलकनं कुदळ खाली टाकली अना तो पाळीकडं आला. चढून येताना दोनदा घसरला. दाढी वाढलेली, केसांत भुसा, नखांत माती. तो माह्यासमोर, दोन हातांच्या अंतरावर उभा राहिला. डब्याचा दगड आमच्या दोघांच्या मधात होता.

त्यानं चिठ्ठी पुढं केली. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, नवेगावलेही नाही. "सोनिका," तो म्हणला, "हे वरतं… वरतं म्हणजे कुठी?"

आमच्या बोलीत म्हणला. उत्तर-दक्षिण नाही, अरे यार नाही. जसं आमच्या गावचा माणूस विचारल तसं विचारलं. भाऊनं माह्याकडं पाहिलं, कारण मायच्या नावानं काय बोलली ते मी त्याले सांगतलं होतं. मले फक्त हात उचलाचा होता. हातही नाही, नुसतं दगडाकडं पाहाचं होतं.

मी म्हणली, "हिंट मागणं म्हणजे हार."

तिलकनं माह्या तोंडाकडं पाहिलं, अना त्याले सगळं आठवलं हे मले दिसलं. कोडं नाही सुटलं त्याचं. मागचं अंगण आठवलं. मंग पुंजण्यावरून एक पोरगा ओरडला, "थंडा," अना सगळे हसले. तिलक पाळीवरून उतरला, बांध्या तुडवत रस्त्यापर्यंत गेला. कुदळ तिथीच राहिली.

भाऊ हळूच म्हणला, "सोनिका, विचारलं ना त्यानं."

मी म्हणली, विचारलं. अना आता मले कोणी विचारते, पस्तावा होते का. मायले विचारा. बासरी ऐकून ऐकून तिले काय वाटलं ते विचारा.

खालतं रस्त्यावर तिलक बाइकवर बसला, पण सुरू केली नाही. मोबाइल काढला. कानाले लावला. अना माह्याजवळच्या दगडातून फोन वाजाले लागला. एवढ्या जोरात वाजला का पाळीवरच्या बाया दचकल्या. तो एवढ्या दूर होता अना मधात थ्रेशर चालू होती, त्याले ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्याच्या कानात बासरी वाजत असेल.

भाऊ म्हणला, उचल. मी उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला. त्यानं पुन्हा लावला. काय म्हणाचं होतं त्याले, मले मालूम नाही. मायले काय म्हणाचं होतं, तेही मले मालूम नाही. मी दगडावर हात ठेवून बसून राहिली, अना दगडातली घुरघुर माह्या हाताले लागत राहिली.